सात मिनिटांचा हिशेब

आमच्या शाळेंतील तास पस्तीस मिनिटांचा असतो. मुलांना रांगेनें संगणकाच्या खोलींत नेऊन बसविण्यांत त्यांतील दोन-तीन मिनिटें जातात. मग प्रत्येक विद्यार्थी आपापला पेनड्राइव्ह यंत्राला लावतो, बटन दाबतो, आणि वर्गभर एक चमत्कारिक शांतता पसरते. ही अभ्यासाची शांतता नव्हे. ही वाट पाहण्याची शांतता होय. गेल्या पावसाळ्यांत एके दिवशीं मीं मनगटावरील घड्याळ काढून टेबलावर ठेविलें आणि खोलींतील सर्वांत जुन्या यंत्रासमोर बसलों. बटन दाबल्यापासून पडद्यावर पहिलें अक्षर लिहितां येईपर्यंत बरोबर सात मिनिटें लागलीं. म्हणजे तासाचा पांचवा भाग नुसता प्रतीक्षेंत सरला. आणि मध्येंच वीज गेली तर तो पुन्हां पहिल्यापासून मोजावयाचा. या वेळांत विद्यार्थी एवढेंच शिकतो कीं, खिडकींतून चांदवडचे डोंगर फार सुंदर दिसतात. तें मलाही मान्य आहे. परंतु त्यासाठीं भूगोलाचा तास वेगळा आहे.

आम्ही पेनड्राइव्हकडे कसे वळलों हें प्रथम सांगितलें पाहिजे. आमचीं सोळा यंत्रें जुनीं आहेत. कित्येकांच्या हार्ड डिस्क झिजून निकामी झाल्या आहेत. त्यांतच १४ ऑक्टोबर २०२५ रोजीं विंडोज १० या प्रणालीचा मोफत आधार संपला. तिच्या पुढची विंडोज ११ ही प्रणाली निदान चार गिगाबाइट स्मृति व सुरक्षिततेची एक विशिष्ट चिप मागते. आमच्या यंत्रांत दोनच गिगाबाइट आहेत आणि ती चिप तर मुळींच नाहीं. तेव्हां निकामी डिस्क काढून टाकून लिनक्स ही मोफत मिळणारी प्रणाली पेनड्राइव्हवर घालून चालवावी असें ठरलें. प्रयोग चालला, परंतु मंद चालला, आणि आतां कित्येक हितचिंतक म्हणूं लागले आहेत कीं, "फुकटाचें तें फुकटाचेंच. सोळाही यंत्रें भंगारांत द्या आणि त्या पैशांत भर घालून चार नवीं घ्या." सोळांच्या जागीं चार यंत्रें आलीं म्हणजे एका कीबोर्डाभोंवतीं चार मुलें बसणार, एक टंकलेखन करणार व तीन पाहणार. आणि तो एक बहुधा तोच असणार, ज्याच्या घरीं संगणक आहे. खेड्यांतून सकाळच्या एस. टी. नें येणारा मुलगा पाहणाऱ्यांतच राहणार. प्रश्न सात मिनिटांचा दिसतो; वस्तुतः तो या मुलाचा आहे.

माझें मत असें आहे कीं, यंत्रें मंद आहेत हा निर्णय आपण फार घाईनें दिला. मालेगांवहून येणारी एस. टी. उशिरा आली तर तिचें इंजिन बदला असें आपण एकदम म्हणत नाहीं. ती उमराण्यास किती वेळ थांबली, राहूडच्या घाटांत किती वेळ अडली, हें आधीं विचारतों. संगणकाच्या बाबतींत मात्र हा साधा विचार आपण विसरतों. वेळ कोठें गेला हें न पाहतांच दोष यंत्राच्या वयाला देतों.

लिनक्सविषयीं ज्यांना माहिती नसेल त्यांच्यासाठीं दोन शब्द. फिनलंडमधील हेलसिंकी येथें शिकणाऱ्या लिनस टोरव्हाल्ड्स या एकवीस वर्षांच्या विद्यार्थ्यानें १९९१ सालीं तिच्या गाभ्याचें काम आरंभिलें. ती कोणासही घेतां येते, उघडून पाहतां येते, आणि आपल्या गरजेप्रमाणें कमीजास्त करतां येते. या मोकळिकीमुळें तिचीं अनेक हलकीं रूपें निघालीं. ऑस्ट्रेलियांतील बॅरी कॉलर यांनीं २००३ मध्यें काढलेलें पप्पी लिनक्स त्यांतलेंच एक होय. आपल्या देशांत सी-डॅक या सरकारी संस्थेनें २००७ सालीं बॉस नांवाचें लिनक्स प्रसिद्ध केलें. त्यांत मराठीसह भारतीय भाषांची सोय आहे. आणि ज्या यूएसबी जोडणीवर आमचा पेनड्राइव्ह बसतो, ती घडविणाऱ्यांमध्यें बडोद्यास शिकलेले अजय भट्ट हे एक प्रमुख अभियंते होते. तेव्हां ही सामग्री परकी किंवा चोरटी मानण्याचें कारण नाहीं.

दुबळ्या यंत्रावर काम होत नाहीं म्हणणाऱ्यांनीं रायगड जिल्ह्यांतील खैराट धनगरवाड्याचें उदाहरण आठवावें. तेथील एकशिक्षकी शाळेंत २००७ सालीं मुलांना लहान संगणक देण्यांत आले होते. त्यांत हार्ड डिस्क नव्हती; सारी प्रणाली एक गिगाबाइटच्या फ्लॅश स्मृतींत, म्हणजे पेनड्राइव्हमध्यें असते तशाच साठ्यांत होती. चालू स्मृति अवघी २५६ मेगाबाइट होती, आणि प्रणाली लिनक्सच होती. आमच्या ज्या यंत्रांना आज आपण म्हातारीं म्हणतों, त्यांची चालू स्मृति याच्या आठपट आहे.

असो. नववीच्या सहा विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन आम्हीं सात मिनिटांचा जमाखर्च मांडला. एकानें घड्याळ धरिलें, एकानें पडद्यावरील ओळी वाचिल्या, एकानें लिहून घेतलें. लिनक्समध्यें सिस्टिमडी नांवाचा जो कारभारी सर्व कामें सुरू करितो, तो कोणत्या कामास किती वेळ लागला याची यादीही मागितल्यावर देतो. तिचाही उपयोग झाला. ४२० सेकंदांचा खर्च असा निघाला: यंत्राच्या स्वतःच्या तपासणींत ५०, आरंभींच्या निवडीच्या पाटीवर ३०, गाभा व त्याबरोबरचें गांठोडें वाचण्यांत ६०, प्रणालीच्या फायली वाचण्यांत १३०, कोणत्याशा डिस्कची वाट पाहण्यांत ९०, आणि नेटवर्क व पडद्याची मांडामांड यांत ६०.

या यादींतील पांचवी बाब पाहून मुलें प्रथम चकित झालीं व मग हंसूं लागलीं. आमच्या पेनड्राइव्हवरील प्रणाली मूळ ज्या यंत्रावर सिद्ध केली होती, त्यांतील हार्ड डिस्कचें नांव तिच्या नोंदवहींत तसेंच राहिलें होतें. ती डिस्क काढून कित्येक महिने झाले. परंतु प्रणाली बिचारी रोज तिची दीड मिनिट वाट पाही, कारण न आलेल्या डिस्कसाठीं थांबण्याची सिस्टिमडीची ठराविक मुदत ९० सेकंदांची आहे. गेलेल्या पाहुण्यासाठीं रोज पान मांडून ताटकळत बसावें तसा हा प्रकार होता. नोंदवहींतील ती एक ओळ काढतांच दीड मिनिट वांचलें. त्याला पैसा लागला नाहीं कीं नवें यंत्र लागलें नाहीं.

इतर बाबींचा विचार याच क्रमानें केला. यंत्राची बायोस प्रथम हार्ड डिस्क, मग नेटवर्क, आणि शेवटीं यूएसबी अशा क्रमानें प्रणाली शोधीत होती. आम्हीं यूएसबीला पहिला क्रम दिला, नेटवर्कवरून सुरू होण्याचा मार्ग बंद केला, आणि पन्नासाचे वीस सेकंद झाले. निवडीच्या पाटीवर कोणीतरी तीस सेकंदांची मुदत लावून ठेविली होती. निवडावयाचें कांहीं नसतांना तीस सेकंद कशास? ती दोन सेकंदांवर आणिली.

गांठोड्याची गोष्ट अधिक विचाराची आहे. गाभ्याबरोबर जें गांठोडें येतें त्यांत नाना प्रकारच्या यंत्रसामग्रीस ओळखणारे लहान लहान कार्यक्रम असतात. तें वाचण्याचें काम या टप्प्यांत लिनक्स करीत नाहीं, बायोस करिते. आणि जुन्या बायोसची चाल संथ असते. म्हणून गांठोडें जितकें लहान तितकें बरें. केवळ एका यंत्रापुरतें पाहिजे तेवढेंच त्यांत ठेवितां येतें; परंतु मग तो पेनड्राइव्ह मुलाच्या काकाच्या दुकानांतील संगणकावर चालेल याचा भरंवसा उरत नाहीं. पेनड्राइव्ह खिशांत नेतां यावा म्हणूनच तर हा सारा खटाटोप. तेव्हां मोठ्या कचेऱ्यांतील सर्व्हरांना लागणारी सामग्री तेवढी वगळून बाकीची ठेविली, आणि साठांचे तीस सेकंद झाले त्यांत समाधान मानिलें. वेग हा गुण खरा; परंतु ज्या कामासाठीं वस्तु केली तें कामच बिघडवून मिळविलेला वेग गुण नव्हे.

सर्वांत मोठा खर्च फायली वाचण्याचा. पेनड्राइव्हवर हजारों लहान फायली विखुरलेल्या असल्या म्हणजे एकेक शोधून आणण्यांत फार काळ जातो. याला दोन उपाय आहेत. पहिला उपाय, सर्व फायली स्क्वॅशएफएस नांवाच्या पद्धतीनें घट्ट दाबून एकाच वळकटींत बांधणें. मंद पेनड्राइव्हवरून कमी वाचावें लागतें, आणि वळकटी सोडण्याचें काम यंत्राचा प्रोसेसर त्याहून लवकर करितो. यांतही तारतम्य पाहिजे. अति घट्ट बांधलेली वळकटी सोडण्यास जुना प्रोसेसर धापा टाकतो. म्हणून एक्सझेडऐवजीं झेडस्टँडर्ड ही सोडण्यास सोपी अशी रीत आम्हीं घेतली. दुसरा उपाय, सारी वळकटी आरंभींच चालू स्मृतींत उतरवून घेणें. विहिरीवरून दिवसभर घागर-घागर आणण्यापेक्षां सकाळीं एकदां रांजण भरून ठेवावा, तसें हें आहे. मात्र रांजण तेवढा मोठा हवा. दोन गिगाबाइट स्मृतींत दीड गिगाबाइटची वळकटी घातली तर काम करण्यास जागाच उरणार नाहीं. आमची पहिली प्रणाली अशीच अवजड होती. तिच्यांतील न लागणारे कार्यक्रम काढून व हलका डेस्कटॉप घेऊन ती सुमारे तीनशें मेगाबाइटवर आणिली, तेव्हां रांजण भरून वर मोकळी जागा राहिली.

पेनड्राइव्हची निवडही महत्त्वाची आहे, आणि येथें गणित साधें आहे. तीनशें मेगाबाइट वाचावयाचे आहेत. सेकंदास पांच मेगाबाइट देणारा पेनड्राइव्ह त्यास साठ सेकंद घेईल, पंधरा देणारा वीस घेईल. यूएसबी २ या जोडणीची कागदावरील मर्यादा सेकंदास ४८० मेगाबिट, म्हणजे साठ मेगाबाइट आहे. प्रत्यक्षांत त्याच्या निम्म्याच्या आसपास पदरांत पडतें. परंतु हलक्या प्रतीचा पेनड्राइव्ह तेवढेंही देत नाहीं. बाजारांत डब्यावरील गिगाबाइट सर्वच पाहतात, वेग कोणी विचारीत नाहीं. आम्हीं चार प्रकारचे आणून, मोजून, त्यांतला एक निवडला. प्रणाली वाचण्याचा खर्च १३० सेकंदांवरून ३५ वर आला. शेवटची बाब, नेटवर्क मिळेपर्यंत अडून राहण्याची संवय, ती बंद करितांच साठांचे तेवीस झाले. एकूण बेरीज ११० सेकंद, म्हणजे दोन मिनिटांहून कमी. यंत्र तेंच, खोली तीच, मुलें तींच.

कोणी म्हणेल, शाळेच्या वर्गांत हें कौतुक ठीक आहे, जाणत्या लोकांची रीत काय? तीही हीच आहे. २००८ सालीं आर्यन व्हान डे व्हेन व औके कोक या इंटेलच्या दोन अभियंत्यांनीं असूस कंपनीच्या ई-पीसी या लहान, स्वस्त संगणकावर लिनक्स पांच सेकंदांत सुरू करून दाखविलें. त्यांनीं "जरा लवकर सुरू व्हावें" असा मोघम संकल्प केला नाहीं. पांच सेकंद हें अंदाजपत्रक आधीं ठरविलें: गाभ्यास एक, प्राथमिक कामांस एक, चित्रपटलास एक आणि डेस्कटॉपला दोन. मग ज्याचा खर्च जास्त त्यास जाब विचारिला. आम्हांला पांच सेकंद साधले नाहींत, साधणारही नाहींत. परंतु जाब विचारण्याची रीत मात्र चांदवडच्या नववीच्या मुलांनाही साधली.

आतां आक्षेपांचा विचार करूं. पहिला आक्षेप असा कीं, "पांच मिनिटांनीं काय बिघडतें? मुलांनीं धीर धरावयास शिकावें." धीर हा मोठा गुण आहे; परंतु टाळतां येणारी दिरंगाई निमूटपणें सोसणें म्हणजे धीर नव्हे. प्रत्येक तासास पांच मिनिटें दहा सेकंद वांचलीं. वर्षांत असे सत्तर तास धरिले तर सहा घड्याळी तास होतात, म्हणजे आमच्या वेळापत्रकांतील दहा तास! दहा तासांत मुलगा मराठी टंकलेखन शिकूं शकतो. दुसरा आक्षेप असा कीं, "कचेऱ्यांत विंडोज चालतें, मुलांना लिनक्स शिकवून उपयोग काय?" ज्या मुलानें एका प्रणालीचें पोट उघडून पाहिलें, त्यास दुसरीच्या तोंडओळखीचें भय वाटत नाहीं. आणि पत्र लिहिणें, हिशेबाचा तक्ता मांडणें, हीं कामें दोन्हीकडे जवळपास सारखींच आहेत. तिसरा आक्षेप, "आज ना उद्यां नवीं यंत्रें घ्यावींच लागणार." हें अगदीं खरें आहे. जीं यंत्रें खरोखर मेलीं आहेत त्यांना धरून बसा असें मी म्हणत नाहीं. परंतु नवीं आलीं म्हणून जुनीं गेलींच पाहिजेत असेंही नाहीं.

येथें माझ्या बाजूच्या उत्साही मंडळींनाही दोन शब्द सुनावणें प्राप्त आहे. वेगाच्या नादीं लागून एका विद्यार्थ्यानें, वीज गेल्यानंतर साठ्याची जी तपासणी होते, तीच बंद करून टाकली. चार सेकंद वांचले. पुढें आठ दिवसांनीं त्याचा निबंध गेला. परवलीचा शब्द, सुरक्षिततेच्या सुधारणा, साठ्याची तपासणी, हे खर्च दिसावयास निरुपयोगी, परंतु कुलपाप्रमाणें आवश्यक आहेत. तसेंच पेनड्राइव्ह अमर नाहीं; त्यावर वारंवार लिहिल्यानें तो झिजतो. म्हणून मुलांचें काम आठवड्यांतून एकदां दुसऱ्या ठिकाणीं उतरवून ठेविलेंच पाहिजे. कोणता खर्च उधळपट्टीचा आणि कोणता जरूरीचा, हें ओळखतां येणें हाच या साऱ्या उद्योगांतील खरा धडा आहे.

म्हणून माझ्या तीन विनंत्या आहेत. चालकांस विनंती कीं, यंत्रें विकण्याचा निर्णय निदान एक वर्ष तहकूब ठेवावा, आणि तूर्त सोळा चांगल्या पेनड्राइव्हांपुरती रक्कम द्यावी. आपल्याच गांवांत अभियांत्रिकी महाविद्यालय आहे. तेथील विद्यार्थ्यांस विनंती कीं, महिन्यांतील एखादा शनिवार या खोलीस द्यावा. शिकणारा मुलगा आपल्याहून थोडा पुढें असलेल्यापासून फार लवकर शिकतो. आणि आमच्या विद्यार्थ्यांस विनंती कीं, प्रत्येकानें एक लहान वही करावी व यंत्र सुरू होण्यास लागलेला वेळ तींत रोज लिहावा. वेळ वाढला तर कां वाढला हें शोधावें, आणि सांपडलेलें उत्तर पुढच्या वर्गास सांगून जावें.

चांदवडास येणारा प्रवासी अहिल्याबाई होळकरांचा रंगमहाल पाहिल्यावांचून सहसा जात नाहीं. त्याचें लांकूड जुनें, भिंतींवरील चित्रें जुनीं. परंतु जुना म्हणून तो पाडून टाका असें कोणी म्हणत नाहीं. कोठें गळतें तें पाहावें, तेवढें दुरुस्त करावें, आणि वास्तु नांदती ठेवावी, ही आपल्या वडीलधाऱ्यांची रीत आहे. संगणकाच्या खोलींत रंगमहालाचें वैभव नाहीं. तरी तेथें सोळा खुर्च्या आहेत, आणि परवांच्या सोमवारीं त्या सोळाही खुर्च्यांवर मुलें एकाच वेळीं लिहीत होतीं. खेड्यांतून येणारा तो मुलगाही त्यांत होता. त्याचें यंत्र सुरू होण्यास लागलेले सेकंद त्यानें वहींत मांडले होते: ११२. "सर, काल ११० होते. हे दोन कोठें गेले?" असें त्यानें मला विचारिलें. हा प्रश्न ज्या मुलाच्या तोंडीं आला, त्याच्या पुढचें यंत्र भंगारांत घालण्यास माझें मन घेत नाहीं.